रॉक अल्बमचं कव्हर, पॉप आर्ट आणि वर हाताचा ब्रश : ग्राहक नक्की कशाचे पैसे देतो?



वॉल डेकोरवरच्या व्हिडिओत मी एका प्रॉडक्टचं नाव जाता जाता घेतलं होतं : हँड-एम्बेलिश्ड पॉप आर्ट प्रिंट, तीसुद्धा जुन्या रॉक अल्बमच्या कव्हरवरून केलेली. तेव्हापासून दोन प्रश्न सारखे येतायत. पहिला, "सर, छापलेलंच चित्र ना ते, मग त्याला एवढे पैसे कोण देतं?" दुसरा, "हे आपण करू शकतो का?" पहिल्याचं उत्तर मजेशीर आहे. दुसऱ्याचं उत्तर देताना थोडा कायदा आणि थोडं गणित मांडावं लागेल, कारण या धंद्यात गडबड झाली तर नुसता माल पडून राहत नाही, घरी नोटीस येते. व्हिडिओत एवढं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी वस्तू बघू

एलपी रेकॉर्डचं कव्हर म्हणजे साधारण बारा बाय बारा इंचाचा पुठ्ठ्याचा चौकोन. १९६०-७०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतली पोरं रेकॉर्ड लावायची आणि गाणी संपेपर्यंत ते कव्हर हातात घेऊन बघत बसायची. मोबाईल नव्हता, यूट्यूब नव्हतं. आपल्या आवडत्या बँडचं रोजचं दर्शन त्या पुठ्ठ्यावरच व्हायचं. आज ती पोरं साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे घर आहे, मोकळी भिंत आहे आणि खिशात पैसे आहेत. हा झाला या प्रॉडक्टचा मूळ ग्राहक.

प्रॉडक्ट असं असतं. त्या काळच्या कव्हरची आठवण करून देणारं चित्र पॉप आर्टच्या ढंगात करायचं, म्हणजे भडक सपाट रंग, जाड काळी रेघ, कॉमिकमध्ये असतात तसे ठिपके, किंवा एकच चेहरा चार रंगांत चार वेळा. ते चांगल्या कागदावर किंवा कॅनव्हासवर ठरावीक संख्येत छापायचं. आणि मग प्रत्येक प्रतीवर हाताने काम करायचं : कुठे ॲक्रिलिकचा जाड फटकारा, कुठे सोनेरी वर्ख, कुठे चमकी. खाली पेन्सिलने नंबर आणि सही. एम्बेलिश म्हणजे सजवणं, एवढाच साधा अर्थ.

हे काही कुणी आत्ता जुळवलेलं फ्यूजन नाही. रॉकचं कव्हर आणि पॉप आर्ट त्या काळातच एकत्र आले होते. १९६७ चं बीटल्सचं 'सार्जंट पेपर्स' घ्या. ते गर्दीचं प्रसिद्ध कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या दोन पॉप चित्रकारांनी उभं केलं होतं. त्याच वर्षी व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडच्या पहिल्या अल्बमवर अँडी वॉरहॉलचं पिवळं केळं आलं. सुरुवातीच्या प्रतींवर ते केळं म्हणजे स्टिकर होता. साल सोलावी तसा तो सोलायचा, आत गुलाबी केळं!

आणि १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'वर तर कमालच झाली. कल्पना पुन्हा वॉरहॉलची : कव्हरवर जीन्सच्या पँटचा फोटो आणि त्याला खरीखुरी धातूची चेन. ग्राहक खूश. पण गठ्ठ्यात एकावर एक रेकॉर्ड ठेवल्या की चेनचा खटका शेजारच्या रेकॉर्डवर दाबला जायचा आणि ती खराब व्हायची. शेवटी उपाय असा काढला की पाठवण्याआधी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढून ठेवायची. म्हणजे खटका रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर टेकतो, गाण्याच्या रेघांवर नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. छापील वस्तूला हाताला लागेल असं काहीतरी जोडलं की तिची किंमत वाढते, आणि पॅकिंगची डोकेदुखीही त्याच दिवशी सुरू होते. पुढे त्यावर येतोच.

छापील चित्रावर हात फिरवायचा प्रकार वॉरहॉलने पुढे स्वतःच केला. १९७४ मध्ये त्याने 'फ्लॉवर्स'चा दहा प्रिंटचा एक संच काढला. स्क्रीनने फक्त काळ्या रेघा छापल्या आणि रंग प्रत्येक प्रतीत हाताने भरले. असे २५० संच. पुढच्या वर्षी, १९७५ ला, मिक जॅगरच्या चेहऱ्याच्या दहा प्रिंट काढल्या, त्याही प्रत्येकी २५०. त्यांच्यावर सही वॉरहॉलची आणि जॅगरचीही. जरा विचार करा, ज्याचा चेहरा आहे त्याचीच सही! ग्राहकाच्या मनात शंकेला जागाच ठेवली नाही.

आज अशा प्रिंटसाठी तुम्ही 'जिक्ले' हा शब्द ऐकाल. भारी इंकजेट प्रिंटला दिलेलं हे फ्रेंच वळणाचं नाव. त्या शब्दाचा जन्मही एका रॉक गायकाच्या स्टुडिओतला आहे. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधला ग्रॅहम नॅश फोटोग्राफीचा वेडा होता. त्याने कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स नावाचा प्रिंट स्टुडिओ काढला आणि लाखभर डॉलरच्या वर किंमत असलेलं आयरिस कंपनीचं मशीन घेतलं. हे मशीन बनवलं होतं छपाईआधीचे प्रूफ काढायला. नॅशच्या लोकांनी त्याच्यावर कलाकृती छापल्या. तिथल्या जॅक डुगान याने १९९१ मध्ये जिक्ले हा शब्द बनवला, फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून. "इंकजेट प्रिंट" म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर डोळ्यासमोर येतो. "जिक्ले" म्हटलं की गॅलरी. नावाचा केवढा फरक पडतो बघा.

आता कुणाला वाटेल, हे सगळं परदेशी. तर नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींवर लोक जरी, टिकल्या आणि कापडाची साडी चिकटवायचे. अशा सजवलेल्या जुन्या तसबिरी आजही संग्राहक शोधत असतात. छापलेल्या प्रतीला हाताने नटवून आपली करणं आपल्या आजी-पणजीला माहीत होतं, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

मग पैसे कशाचे?

चित्राचे नाहीत. चित्र तर इंटरनेटवर फुकट दिसतं. साधं पोस्टर आणि ही प्रिंट, दोन्हींवर एकच चित्र असलं तरी भावात मोठा फरक असतो, आणि तो येतो "माझ्याकडची प्रत वेगळी आहे" या भावनेतून. २५ मधली ७ नंबरची प्रत. तिच्या कोपऱ्यातला वर्ख जिथे फाटलाय तसा तो ८ नंबरवर नाही. म्हणून संख्या पाळणं हा इथे धंद्याचा पाया आहे. २५ म्हणून विकल्या आणि मागणी आली म्हणून गुपचूप २६ वी काढली, तर आधीच्या २५ लोकांना तुम्ही फसवलंत. हे लोक ऑनलाइन एकमेकांना ओळखतात, हेही लक्षात ठेवा.

नंबर लिहायची रीत ठरलेली आहे : चित्राखाली डावीकडे ७/२५, मध्ये नाव, उजवीकडे सही, सगळं पेन्सिलने. कलाकाराच्या स्वतःच्या म्हणून थोड्या जादा प्रती असतात, त्यांच्यावर 'एपी' लिहितात. त्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि त्यांची संख्याही प्रमाणपत्रात सांगतात. प्रत्येक नंबरचा पूर्ण झाल्यावर फोटो काढून ठेवा. उद्या कुणी "ही तुमचीच का?" म्हणून विचारलं तर तो फोटोच पुरावा.

हाताचं काम नक्की कुठे असतं

सगळं चित्र रंगवायचं नसतं. तसं केलं तर सरळ पेंटिंगच करा की! दोन-तीन जागा ठरवायच्या. गिटारच्या कडेला जाड रंग, मागच्या गोलात वर्ख, बस. एडिशन एक दिसली पाहिजे आणि प्रत वेगळी, हा तोल सांभाळायचा.

छपाई पिगमेंट शाईची घ्या. डाय शाई स्वस्त पडते, पण उजेडात लवकर उडते. कागद असेल तर कॉटनचा, ३०० जीएसएमच्या आसपास, म्हणजे ओल्या रंगाने तो लाटेसारखा वाकणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं, छपाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर पारदर्शक स्प्रेचे दोन पातळ हात द्या आणि मगच ब्रश लावा. नाहीतर पाण्याच्या रंगाने खालची शाई फुटू शकते आणि अख्खी प्रत जाते. उंचवटा हवा असेल तर ॲक्रिलिकमध्ये जेल मीडियम मिसळतात. बाजारातला स्वस्त सोनेरी वर्ख सोन्याचा नसतो, पितळेसारख्या धातूचा असतो. वरून वॉर्निश नाही दिलं तर तो काळवंडतो. "डायमंड डस्ट" हा शब्दही ऐकाल. वॉरहॉलच्या प्रसिद्ध डायमंड डस्ट प्रिंटवर प्रत्यक्षात बारीक कुटलेली काच आहे. खरी हिऱ्याची पूड चमकतच नव्हती म्हणे!

आता पॅकिंग. ॲक्रिलिक हाताला वाळलेलं वाटलं तरी बरेच दिवस थोडं चिकट राहतं. त्याच्यावर थेट बबल रॅप गुंडाळलात तर प्लास्टिक चिकटतं, फुग्यांचे गोल ठसे उमटतात. मध्ये बटर पेपर घाला. जाड रंगाची प्रिंट नळीत गुंडाळून पाठवू नका, तडा जातो, सपाटच पाठवा. फ्रेमवाल्याला आधीच सांगा की काच रंगाला टेकता कामा नये, माउंट किंवा पट्टी घालून अंतर ठेव. जीन्सच्या चेनची गोष्ट आठवली ना?

"इन्स्पायर्ड बाय" लिहिलं की सुटलो का?

नाही. हा भाग नीट वाचा, बाकीचा विसरलात तरी चालेल.

चित्राची वस्तू आणि चित्राचा हक्क या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. रोलिंग स्टोन्सची ती जीभ बाहेर काढलेली लाल ओठांची खूण सगळ्यांनी पाहिली असेल. ती जॉन पाशे या विद्यार्थ्याने १९७० मध्ये काढली, मानधन ५० पौंड. पुढे त्याने आपल्याकडचा कॉपीराइट बँडला विकला, त्याचे पैसे वेगळे. आणि हाताने काढलेलं मूळ चित्र मात्र त्याच्याचकडे राहिलं. ते २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ५० हजार पौंडांच्या वर किंमत देऊन घेतलं. एकाच चित्रातून दोन वेगवेगळे सौदे. संग्रहालयाकडे मूळ कागद आहे, म्हणून त्याला त्या जिभेचे टी-शर्ट छापून विकता येतील असं नाही. मग ज्याच्याकडे कागदही नाही आणि हक्कही नाही, त्याची गोष्टच सोडा.

अल्बमच्या कव्हरवर तर हक्कांचे थरच्या थर असतात. फोटोग्राफरचा फोटो, डिझायनरची मांडणी, रेकॉर्ड कंपनीचा करार, बँडच्या नावाचा आणि लोगोचा ट्रेडमार्क, गायकाचा चेहरा. केळ्याचंच बघा. २०१२ मध्ये व्हेल्वेट अंडरग्राउंडने वॉरहॉल फाउंडेशनवर दावा लावला, कारण केळं मोबाईल-टॅब्लेटच्या कव्हरसाठी दुसऱ्यांना देण्याची बातमी आली होती. ज्यांचा अल्बम आणि ज्याचं चित्र, तेच समोरासमोर कोर्टात! कॉपीराइटचा भाग कोर्टाने काढून टाकला आणि ट्रेडमार्कच्या वादावर २०१३ मध्ये आपसात तडजोड झाली. एवढ्या मोठ्यांनाही हक्क कुणाचा हे सोपं वाटलं नाही.

"पण आम्ही रंग बदलतो, ठिपके टाकतो, हाताने काम करतो, म्हणजे नवीनच झालं ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याला उत्तर म्हणून एकच खटला सांगतो. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफरने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने ४०० डॉलर देऊन तो फक्त एकदा वापरायची परवानगी घेतली आणि त्यावरून वॉरहॉलकडून चित्र करून घेतलं. वॉरहॉलने त्याच फोटोवरून आणखी बरीच चित्रं केली, एकूण सोळा. २०१६ मध्ये प्रिन्स गेला. तेव्हा त्यातलं नारिंगी चित्र एका विशेषांकाच्या मुखपृष्ठावर आलं. फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले, फोटोग्राफरला काहीच नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गोल्डस्मिथच्या बाजूने लागला. निकाल मासिकाला चित्र वापरायला देण्यापुरता होता, वॉरहॉलची सगळीच चित्रं बेकायदा ठरली असं नाही. पण रंग बदलून, ढंग बदलून त्याच बाजारात विकायचं असेल तर मूळ फोटोवाल्याला विचारावं लागतं, एवढं त्यातून दिसलं. वॉरहॉलच्या नावाला जे तारलं नाही, ते आपल्याला तारेल का?

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा परदेशी कलाकृतींनाही लागू होतो, कारण भारत आंतरराष्ट्रीय करारात आहे. चित्राचं रूपांतर करण्याचा हक्कसुद्धा मूळ मालकाचाच. मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे १९६०-७०ची बहुतेक कव्हरं अजून बरीच वर्षं संरक्षणात राहणार. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आणि "तीस टक्के बदललं की चालतं" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं, तसा कुठलाही नियम कायद्यात नाही. स्वतःच्या भिंतीसाठी सराव म्हणून काढणं वेगळं, दुकान मांडणं वेगळं.

आता गणित

आकडे समजायला घेतलेत. तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा मांडा. जीएसटी यात धरलेला नाही, तो तुमच्या सीएला विचारा.

समजा प्रिंट ९०० रुपये, रंग-वर्ख २५०, तुमचे तीन तास तासाला २०० प्रमाणे ६००. झाले १,७५०. स्वतःच्या तासांचे पैसे बरेच जण धरतच नाहीत, धरा. दहातली एक प्रत हाताच्या कामात बिघडते असं माना. म्हणजे दहाचा खर्च १७,५०० आणि विकायला नऊ, प्रत्येकी १,९४४. पॅकिंगचे २०० मिळवले की २,१४४.

किंमत ठेवली ५,००० रुपये. ऐकायला भारी वाटतं. गॅलरीतून विकलं तर गॅलरी बऱ्याचदा ४० ते ५० टक्के घेते. ५० धरा, तुमच्या हातात २,५०० आले. खर्च वजा जाता उरले ३५६. आता तुम्ही रीतसर लायसन्स घेतलंय आणि रॉयल्टी विक्री किमतीच्या १० टक्के ठरलीय, म्हणजे ५००. झाले उणे १४४! तीच रॉयल्टी तुमच्या हातात पडणाऱ्या रकमेवर ठरली असती तर २५० गेले असते आणि १०६ उरले असते. करारातल्या एका ओळीने नफा-तोटा फिरतो. म्हणून "किती टक्के" याच्या आधी "कशावर टक्के" हे विचारायचं. आगाऊ रक्कम, किती प्रती, कुठल्या देशात विकता येतील, मुदत किती, उरलेल्या मालाचं काय, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

थेट ग्राहकाला ५,००० ला विकलं तर चित्र बदलतं. लायसन्ससकट २,३५६ उरतात. पण मग जाहिरात, वेबसाइट, परत आलेला माल हे सगळं त्यातूनच.

नवशिक्याने सुरुवात कुठून करावी

मोठ्या परदेशी बँडचं लायसन्स पहिल्याच फटक्यात मिळेल, आणि मिळालं तरी परवडेल, अशी आशा धरू नका. पण पॉप आर्टचा ढंग कुणाच्या मालकीचा नाही. सपाट रंग, ठिपके, चारच्या चौकटी, बारा इंची चौकोन, हे सगळं वापरायला मोकळं आहे. विषय आणि फोटो तुमचा हवा. तुम्ही स्वतः काढलेला जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा फोटो, ढोल-ताशा पथकातल्या एखाद्या वादकाचा त्याच्या लेखी संमतीने घेतलेला फोटो, स्वतःची गाणी करणारा गावातला बँड. त्या बँडकडे जा. त्यांच्या अल्बमचं कव्हर ज्याने केलं त्याच्याशीही बोला, कागद करा, २५ प्रती काढा आणि वॉरहॉल-जॅगरसारख्या दोघांच्या सह्या घ्या. त्यांच्या कार्यक्रमाच्या दिवशी दारात टेबल मांडा. प्रत्येक प्रतीमागे बँडला ठरलेला वाटा द्या.

दुसरी वाट रविवर्म्याची. तो १९०६ मध्ये गेला, त्याच्या चित्रांची कॉपीराइटची मुदत कधीच संपली. फक्त इंटरनेटवरून कुणाचं तरी स्कॅन उचलू नका. ती फाइल कुठल्या अटींवर दिलीय ते आधी वाचा, किंवा घरातल्या जुन्या तसबिरीचं स्वतः स्कॅन करा.

पहिली एडिशन दहाच प्रतींची ठेवा. त्यातल्या तीन आधी पूर्ण करा, घड्याळ लावून. तीन तास धरलेत ते खरंच तीन आहेत की पाच, हे तिसऱ्या प्रतीला कळेल, आणि किंमत त्यानंतरच ठरवा. कमेंटमध्ये तुमचे आकडे टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच दोन-तीन घेऊन लायसन्सच्या कराराचा नमुना ओळीने वाचू.